कमी ऐकणारा अँटेना

गडचांदूरसारख्या सिमेंटच्या गावात लघुलहरी ऐकायच्या म्हटल्या की कुणीही उंच, लांब तार बांधायला सांगेल. हा सल्ला अपुरा आहे. 3 ते 30 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात बाहेरून येणारी खरखर बहुधा रिसीव्हरच्या स्वतःच्या खरखरीपेक्षा जास्त असते. अँटेना काढल्यावर ती खाली गेली आणि लावल्यावर वर आली, की अँटेनाची संवेदनशीलता पुरेशी आहे असे समजावे. त्यानंतर नुसता जोर वाढवला तर सिग्नल आणि गोंगाट सारखेच वाढतात. म्हणून ग्रहणाचा अँटेना काय ऐकत नाही, यावर त्याची परीक्षा व्हायला हवी.

मार्कोनी कंपनीच्या बीम पद्धतीने हेच ओळखले होते. 1927 साली ब्रिटन-भारत बिनतारी सेवा सुरू झाली तेव्हा प्रक्षेपण खडकीहून होई. ग्रहण केंद्र मात्र पाऊणशे किलोमीटर लांब, दौंडला. आपल्याच प्रक्षेपकाच्या आवाजात इंग्लंडची क्षीण लहर बुडू नये म्हणून हे अंतर. कंपनीचे अभियंते फ्रँकलिन यांच्या रचनेत उंच मनोऱ्यांवर तारांचा पडदा टांगत आणि मागे परावर्तक तारांचा दुसरा. एक दिशा उघडी, पाठ बंद.

एवढी जागा आणि पोलाद आज कोणाकडे असणार? पण मीटरभर व्यासाच्या कड्याचा लूप अँटेनाही नकार द्यायला शिकतो. त्याच्या कड्याच्या दिशेने तो ऐकतो, कड्याला काटकोनात मात्र जवळपास बहिरा असतो. ती बहिरी बाजू गोंगाटाकडे वळवायची. दूरचे केंद्र आकाशातून तिरपे येत असल्याने बरेचसे शाबूत राहते. रिसीव्हरमधले डिजिटल गाळण हे काम करेल, असा आक्षेप निघतो. त्याने काही खरखर कमी होतेही. पण त्याच फ्रिक्वेन्सीवर सिग्नलमध्ये मिसळून आलेला गोंगाट नंतर वेगळा काढणे फार अवघड.

चाचणीतली सर्वांत चिवट अडचण केबलची. अँटेनाच्या जागी 50 ओहमचा रेझिस्टर जोडून पाहावे. खरखर तशीच राहिली तर ती केबलच्या बाहेरच्या जाळीवरून घुसते आहे, आणि लूप कितीही फिरवला तरी उपयोग नाही. फेराइटच्या कड्यातून केबलचे वेढे घेतले की ती वाट बरीच अडते. मोटारी, विजेच्या तारा, स्वस्त एलईडी असे उगम तीन दिशांना असतील तर एक बहिरी बाजू पुरत नाही. मृगाच्या आधीच्या वळिवात विजांची कडकड तर दूरदूरच्या ढगांतून, सगळीकडून येते. वरच्या फ्रिक्वेन्सीवर ती कमी असते, पण रात्री तिथली दूरची केंद्रे बहुधा मावळतात आणि खालच्या पट्ट्यावर, तिच्याच राज्यात, उतरावे लागते.