अनुभवाला टाचणांची जोड

करमाडहून जालना रस्त्याने संभाजीनगरकडे निघालं की शेंद्र्याचे कारखाने लागतात. औद्योगिक वसाहतीसाठी ज्यांची शेतं गेली, त्या घरांतल्या बायांवर मी कादंबरी लिहिते आहे. सातबाऱ्यावर नाव नवऱ्याचं, मोबदलाही त्याच्याच खात्यात. तिच्याकडे उरलं ते खुरपं. हे टिपताना मला आमच्या थोरल्या लेखिकांचा आधार वाटतो.

'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह १९३३ मध्ये आला, तेव्हा विभावरी शिरूरकर हे नाव घेणारी बाई कोण, म्हणून गदारोळ उठला. प्रकाशक ह. वि. मोटे पाठीशी उभे राहिले. ती बाई म्हणजे मालतीबाई बेडेकर. पुढे सोलापूरला 'गुन्हेगार' ठरवलेल्या जमातींच्या वसाहतीत त्यांनी नोकरी केली. तारेच्या कुंपणाआडचं जगणं त्यांनी रोज पाहिलं, आणि त्यावरची 'बळी' ही कादंबरी आली १९५० मध्ये. म्हणजे पाहणं आणि छापणं यांत दशकभराचं अंतर.

नांदेडच्या कविता महाजनांची 'ब्र' ही कादंबरी २००५ ची. आदिवासी पाड्यांतल्या महिला सरपंच, त्यांच्यावर येणारे अविश्वास ठराव, सहीपुरतं उरलेलं पद. हे घरबसल्या सुचत नाही. राजहंस प्रकाशनाने ती काढली आणि पंचायतराजची चर्चा सर्वसामान्य वाचकांच्या घरात पोचली.

लिहिणाऱ्या मुलींना माझं कळकळीचं सांगणं आहे: प्रेरणेची वाट पाहू नका. ग्रामसभेत जाऊन बसा, फेरफार वाचायला शिका, बायांचं बोलणं त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या. प्रकाशकाकडे जायची घाई नको. कादंबरी पिकायला वेळ लागतो आणि तो वेळ आपला हक्काचा आहे.