हॉलंडात शाळेची बाई व्हायचं तर



आमच्या आइंडहोवनला हल्ली मराठी पुष्कळ कानी पडतं. शेजारच्या वेल्डहोवनला चिप बनवण्याची यंत्रं तयार करणारी मोठी कंपनी आहे, त्यामुळे पुण्या-मुंबईचे इंजिनियर कुटुंबासह इकडे येतात. त्यांच्या बायकांपैकी काही जणी तिकडे शाळेत शिकवत होत्या. त्यांचा आम्हाला एकच प्रश्न: "मावशी, माझं बी.एड. इथं चालेल का?" आम्ही जन्मभर नर्सिंग केलं, शिक्षिका नव्हतो. पण परदेशात आपल्या सर्टिफिकेटचं काय होतं, ते आम्हाला चांगलं ठाऊक आहे. म्हणून चौकशी करून ही माहिती देत आहोत.

मुलांनो, इथली मुलं बाईंना 'यूफ' आणि सरांना 'मेस्टर' म्हणतात. मेस्टर म्हणजे आपल्या मास्तरांचाच भाऊ! प्राथमिक शाळा 4 ते 12 वर्षांच्या मुलांची, इयत्ता आठ. एकच यूफ वर्गाला सगळे विषय शिकवते. त्यासाठी 'पाबो' नावाचा चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम करावा लागतो. आइंडहोवनला तो फॉन्टिस या संस्थेत आहे. 2015 पासून प्रवेशाचा नियमही कडक झाला: भूगोल, इतिहास आणि विज्ञान ज्यांनी शाळेत पुरेसं केलेलं नाही, त्यांना या विषयांच्या परीक्षा द्याव्या लागतात. शिकत असतानाच शाळेत जाऊन पाठ घ्यायचे असतात.

माध्यमिक शाळेत विषयवार शिक्षक असतात आणि परवान्याच्या दोन श्रेणी. दुसऱ्या श्रेणीवर खालचे वर्ग आणि व्यवसाय शिक्षणाच्या शाळा. पहिल्या श्रेणीवर अगदी वरच्या वर्गांपर्यंत शिकवता येतं. आइंडहोवनच्या तंत्र विद्यापीठात गणित, फिजिक्स, केमिस्ट्री अशा विषयांचे पहिल्या श्रेणीचे शिक्षक तयार होतात. शिवाय प्रत्येकाला व्ही.ओ.जी. नावाचा सरकारी चारित्र्याचा दाखला लागतो. तो नेमणुकीच्या वेळी सहा महिन्यांपेक्षा जुना चालत नाही.

आता आपल्या मुलींचं बघू. भारतातली शिक्षकाची पदवी 'ड्युओ' या सरकारी कचेरीकडे पाठवायची. तिथं कागदपत्रं तपासून निर्णय देतात. मान्यता मिळाली नाही तरी दार बंद होत नाही. 2000 सालापासून इथं 'झाय-इन्स्ट्रोम' म्हणजे बाजूच्या दारानं शिरायची सोय आहे. त्यासाठी पदवी हवी आणि नोकरीवर घेणारी शाळा हवी. आधी योग्यतेची तपासणी होते, मग पगारावर शिकवता शिकवता साधारण दोन वर्षांत परवाना मिळवायचा. इथं गणिताच्या शिक्षकांची टंचाई आहे, हेही लक्षात ठेवा.

मग अडतं कुठं? भाषेत! आमच्या ओळखीची पनवेलकडची एक मुलगी आहे. तिकडे तिनं पाच वर्षं गणित शिकवलं. इथं ऑफिसात, दुकानात इंग्रजीवर भागतं, म्हणून तिनं डच मनावर घेतलं नाही. सहा वर्षं बी.एड.चा कागद कपाटात साडीच्या घडीखाली राहिला. ती आम्हाला म्हणाली, "मावशी, मला कुणी 'बाई' म्हणून हाक मारून किती वर्षं झाली!" आम्हाला फार वाईट वाटलं. आता ती डच शिकते आहे. एन.टी.-2 नावाच्या सरकारी परीक्षेचा दुसरा, म्हणजे वरचा टप्पा तिला गाठायचा आहे. दर आठवड्याला लेकीच्या शाळेत लहानग्यांना वाचनात मदत करायला जाते. तिथली मुलंच तिचे उच्चार सुधारतात!

कोणी म्हणेल, इतके कागद कशाला? आमचं म्हणणं असं, की इंजेक्शन देणाऱ्या हाताला परवाना लागतो, तसा मुलाच्या मनाला हात घालणाऱ्यालाही लागायलाच हवा. इस्रायलमध्येही प्रशिक्षणानंतर 'स्ताज'चं उमेदवारीचं वर्ष असतं. महाराष्ट्रातही 2013 पासून टी.ई.टी. परीक्षा होते. सुप्रीम कोर्टानं तर 1 सप्टेंबर 2025 च्या निकालात सांगितलं, की ज्यांच्या निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त अवकाश आहे अशा जुन्या शिक्षकांनीही दोन वर्षांत टी.ई.टी. पास व्हावं.

आपल्या समाजाला हे नवीन नाही. रिबेका रूबेन 1905 साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकला पहिल्या आल्या. एवढी हुशारी असूनही इंग्लंडला जाऊन त्यांनी शिक्षकाचं शिक्षण घेतलं. मग 1922 पासून 1950 पर्यंत मुंबईच्या आपल्या इस्रायली शाळेच्या, म्हणजे पुढच्या सर एली कदूरी शाळेच्या, त्या मुख्याध्यापिका होत्या. विषय येणं वेगळं आणि शिकवता येणं वेगळं, हे त्यांनी ओळखलं होतं.

तेव्हा मुलींनो, नव्या देशात पाऊल ठेवलंत की पहिल्याच महिन्यात भाषेच्या वर्गात नाव घाला. मार्कशीट, पदवी, शाळेतल्या अनुभवाचे दाखले भारतातून निघतानाच बरोबर घ्या. मागाहून मागवताना फार त्रास होतो. आणि आजीआजोबांनो, सून संध्याकाळी क्लासला निघाली, तर नातवंडांना तेवढं सांभाळा. तुमचे ते दोन तासही तिच्या परवान्याला लागतात.