तंबूआधी आकडा बघा: लडाखच्या मुक्कामाविषयी सहा गैरसमज

लडाखच्या सहलीचं पत्रक हातात आलं की घरात चर्चा रंगते ती तंबूची. दारातून तळं दिसतं का, संडास जोडून आहे का, जेवणात बटाट्याखेरीज काही मिळेल का. 2009 साली ‘थ्री इडियट्स’चा शेवट पांगाँगच्या काठी झाला आणि तेव्हापासून तळ्याकाठच्या एका रात्रीशिवाय सहल पुरी होईना. पण एक आकडा पत्रकात बहुधा नसतो आणि आपणही तो विचारत नाही: रात्री पाठ टेकायची ती किती मीटरवर? या थंड वाळवंटात मुक्कामाची निवड तिथूनच सुरू व्हायला हवी.

गैरसमज 1: विमानाने गेलो, दमलो नाही, दुसऱ्याच दिवशी पांगाँगला निघू.

वस्तुस्थिती: इथे दमणुकीचा संबंधच नाही. लेह सुमारे 3,500 मीटरवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या (1,646 मीटर) दुपटीहून उंच. हवेतलं प्राणवायूचं प्रमाण मुंबईत असतं तेवढंच, 21 टक्के. मात्र हवेचा दाब मुंबईच्या जेमतेम दोन-तृतीयांश असल्याने प्रत्येक श्वासामागे प्राणवायू कमी मिळतो. घरून नेलेलं चिवड्याचं सीलबंद पाकीट बॅगेतून काढून बघा. उशीसारखं टम्म फुगलेलं दिसेल. बाहेरचा दाब उतरल्याचा हा पुरावा. शरीराला याची सवय व्हायला वेळच द्यावा लागतो, आणि त्यात दर रविवारी सिंहगड चढणाऱ्यालाही सूट नाही. लेहमध्ये निदान दोन रात्री काढाव्यात. पहिल्या दिवशी भरपूर आराम करावा, पाणी पीत राहावं आणि दारूला हात लावू नये.

गैरसमज 2: खिंडीत उतरून फोटो काढले, काही झालं नाही; मग वर झोपलो तर काय बिघडलं?

वस्तुस्थिती: खारदुंग ला 5,359 मीटरवर आहे, पण तिथे आपण पंधरा मिनिटं थांबून खाली उतरतो. रात्रभर वर राहणं वेगळं. झोपेत श्वास मंदावतो आणि रक्तातला प्राणवायू आणखी घटतो. म्हणूनच आदल्या संध्याकाळी खुशीत गप्पा मारणारा माणूस पहाटे डोकं धरून बसलेला दिसतो. उंचीवरच्या आजारांबाबत डॉक्टरांचा ठोकताळा असा: 3,000 मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका रात्रीत 500 मीटरहून जास्त वाढवू नये.

हा हिशेब नकाशावर मांडून बघा. लेहनंतर नुब्रा खोऱ्यातलं हुंदर सोयीचं, कारण ते सुमारे 3,100 मीटरवर आहे. खिंड ओलांडली तरी झोपायला लेहपेक्षा खालीच. पांगाँग मात्र सुमारे 4,250 मीटरवर. लेहहून जा किंवा नुब्रातून, वाट तांगत्सेवरून जाते. साधारण 3,900 मीटरवरच्या या गावात एक रात्र काढली तर शरीराला पायरी मिळते. मनालीहून गाडीने येणाऱ्यांची फसगत होते ती वाटेतल्या सरचूला. मनाली दोन हजार मीटरच्या आसपास, सरचूचे तंबू 4,300 च्या आसपास; एका दिवसात दुप्पट! त्यापेक्षा अलीकडे, खाली असलेल्या केलाँग किंवा जिस्पा इथे दोन रात्री थांबलेलं बरं.

गैरसमज 3: पाण्याच्या जितकं जवळ, तितका तंबू चांगला.

वस्तुस्थिती: फोटोपुरतं खरं आहे. पण रात्री डोंगरउतारावरची गार हवा घसरत खाली येते आणि तळाशी साचते. शिवाय दुपार कलली की उघड्या काठावर वारा सुटतो. तंबूचे दोर ताणले जातात, कापड असं फडफडतं की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. पांगाँगचं पाणी खारं, त्यामुळे ते प्यायच्याही कामाचं नाही. तिकडे त्सो मोरिरी हे तळं 2002 पासून रामसर यादीतलं पाणथळ आहे. त्याच्या परिसरात काळ्या मानेचे क्रौंच अंडी घालतात. काठाची दलदल म्हणजे त्यांचं घर. गावाच्या आडोशाचा, वाऱ्याकडे पाठ असलेला तंबू निवडावा. त्याहून उत्तम म्हणजे स्पांगमिक किंवा मेराकमधलं घरगुती मुक्कामाचं घर: जाड भिंती आणि मधोमध पेटलेली चूल. तिथला बिनपाण्याचा, मातीने झाकायचा संडास पाहून नाक मुरडू नका. पाणीटंचाईच्या मुलखात हीच शहाणी सोय आहे.

गैरसमज 4: वाळवंटात पाऊस कुठला? ओढ्याच्या कोरड्या पात्रातली सपाट जागा मस्त.

वस्तुस्थिती: महाबळेश्वरला धो धो आणि पलीकडे माण-खटावला टिपूस नाही, हे आपण पाहतो. हिमालयाने लेहला तसंच पर्जन्यछायेत ठेवलं आहे. तिथे वर्षाकाठी सरासरी 100 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पण उतार उघडेबोडके, माती धरून ठेवायला झाडमूळ नाही. 2010 च्या ऑगस्टमध्ये लेहजवळ एका रात्री ढगफुटी झाली, चिखल-दगडांचे लोंढे वस्त्यांवर आले आणि दोनशेहून अधिक माणसं गेली. ती सपाट जागा पाण्यानेच सपाट केलेली असते. मुक्काम पात्राच्या बाहेर, थोडा वर असावा.

गैरसमज 5: जूनमध्ये कसली थंडी? आणि लागलीच तर शेकोटी आहेच.

वस्तुस्थिती: कोरड्या, विरळ हवेत ऊन चटके देतं, पण सूर्य कलला की ऊब टिकत नाही. पांगाँगला जूनमध्येही रात्री पारा शून्याजवळ येऊ शकतो. पांघरुणं किती आणि कसली, हे आधी विचारावं. शेकोटीचं म्हणाल, तर तिथे रान नाही. विलो आणि पॉप्लर लोकांनी पाणी पाजून वाढवलेले. चुलीत जातं ते बरंचसं वाळलेलं शेण आणि झुडपं. आपल्या तासाभराच्या मौजेत कुणाच्या तरी हिवाळ्याचं सरपण जळतं. बंद तंबूत शेगडी पेटवणं तर जिवाशी खेळ आहे, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

गैरसमज 6: खिशात कापूर आहे, हुंगला की झालं.

वस्तुस्थिती: कापराने नाकात गार वाटतं, एवढंच. रक्तातला प्राणवायू त्याने वाढत नाही. डायमॉक्सची गोळी सवय लवकर व्हायला मदत करते, पण ती डॉक्टरांना विचारूनच घ्यावी, विशेषतः सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर. ती खाल्ली म्हणून उड्या मारत वर जायची मुभा मिळत नाही. डोकेदुखी आणि मळमळ वाढत गेली, बसल्या जागी धाप लागली, चालताना तोल जाऊ लागला, तर उपाय एकच: तातडीने खाली उतरणं. म्हणून तंबू ठरवताना हेही विचारा: रात्री गाडी आणि चालक तिथेच असतात का, प्राणवायूचा सिलिंडर आहे का, जवळचा दवाखाना किती अंतरावर?

आता ते पत्रक पुन्हा हातात घ्या. प्रत्येक रात्रीच्या गावापुढे पेनाने उंची लिहा आणि वरच्या आकड्यातून खालचा वजा करा. जिथे फरक पाचशेच्या वर जाईल, तिथे आणखी एक रात्र मागा, नाहीतर तिथला तंबू सोडा. तळं दुसऱ्या दिवशीही तेवढंच निळं असतं, आणि डोकं ठणकत नसेल तर ते नीट बघताही येतं.