डावीकडची ओढ

मोटार एका बाजूला ओढू लागली की घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, गाडी म्हातारी झाली. दुसरा म्हणतो, गाडी नव्हे, चालवणारा. आमच्या भाऊजींच्या घरी दुसरा तट भलताच बहुमतात होता. भाऊजींचं वय 77, त्यांच्या कॉन्टेसाचं 30. नागावच्या वाडीतून अलिबागच्या बाजारात आणि अधूनमधून पेणला, एवढाच तिचा संसार. पण गेल्या वर्षी ती डावीकडे जाऊ लागली. डावीकडे म्हणजे कुठे, तर रस्त्याच्या ज्या कडेनं शाळेची पोरं चालतात आणि टोपल्या घेऊन बाया एसटीची वाट पाहतात, तिथे. कार्लेखिंडीच्या वळणावर एकदा चाक डांबर सोडून खाली उतरलं, तेव्हा मुलानं मुंबईहून फोन केला, "बाबा, किल्ली आईकडे द्या."

ताईनं मला बोलावलं ते गाडीसाठी नव्हे, भाऊजींची समजूत घालायला. मी 34 वर्षं बँकेत काढलेली. तेव्हा नकार गोड शब्दांत देण्याची कला मला येत असणार, हा तिचा हिशेब.

तरुण वाचकांना कॉन्टेसा आठवायची नाही. बंगालमधल्या उत्तरपाड्याच्या कारखान्यात हिंदुस्थान मोटर्सनं ती 1984 पासून 2002 पर्यंत बनवली. घाट मुळात व्हॉक्सहॉल या ब्रिटिश गाडीचा, पुढे इंजिन आलं ते इसुझूचं, जपानी. अँबेसेडर नाही तर पद्मिनी चालवणाऱ्यांना जागेवर गाडी वळवणं म्हणजे दंडबैठका. एका बोटानं फिरणारं पॉवर स्टिअरिंग ही तेव्हा पाहुण्यांना दाखवायची वस्तू होती, आणि भाऊजींनी ती ज्याला त्याला दाखवली.

गाडी ओढते म्हटल्यावर एका गॅरेजनं तीनदा अलाइनमेंट करून दिलं होतं. दर वेळी चार दिवस बरं वाटायचं, पाचव्या दिवशी गाडी पुन्हा डावीकडे. बँकेत ताळा जुळला नाही की काही जण फरकाची रक्कम सस्पेन्स खात्यात टाकून घरी जात; मला त्यांची आठवण झाली. फरक गेलेला नसतो, फक्त दिसेनासा होतो.

शेवटी अलिबागेतल्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी पाना उचललाच नाही. आधी गार टायरांची हवा मोजली. मग पुढची दोन चाकं आपसात बदलली. "टायरचा दोष असेल तर आता गाडी उजवीकडे ओढेल, काका," ते भाऊजींना म्हणाले. डावीकडेच ओढली. मग चार-पाच किलोमीटर फिरवून आणल्यावर दोन्ही चाकांजवळ हात धरून पाहिला. एखादा ब्रेक धरून राहत असेल तर ते चाक जास्त तापतं, आणि आमच्या खाऱ्या हवेत ब्रेकचे भाग अडकून बसणं हा नेहमीचाच रोग. दोन्हीकडे ऊब सारखीच.

हे सगळं पाहताना माझ्या मनात आमच्या गावची वेधशाळा घोळत होती. अलिबागेत चुंबकीय वेधशाळा का आहे, हे अलिबागकरांनाही कधीकधी ठाऊक नसतं. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी पूर्वी मुंबईत कुलाब्याला होत. तिथे विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर प्रश्न पडला, की सुई हलली तर ती पृथ्वीमुळे की ट्राममुळे? म्हणून 1904 मध्ये वेधशाळा इकडे आली. इमारत बांधली तीही लोखंड टाळून. संचालक मूस यांनी लगेच कुलाबा बंद केलं नाही. 1906 पर्यंत दोन्हीकडच्या नोंदी जोडीनं चालू ठेवल्या, म्हणजे जुने आकडे नव्यांशी ताडून घेता यावेत. मिस्त्रींना हे सांगितलं तर ते म्हणाले, "सर, जरा बाजूला उभे राहा, जॅक लावायचाय."

खरी परीक्षा तीच होती. पुढची दोन्ही चाकं जमिनीवरून उचलली, खाली भक्कम स्टँड दिले. स्टिअरिंग सरळ करून हात काढले आणि इंजिन सुरू केलं. कुणी हात न लावता ते चक्र सावकाश डावीकडे फिरलं. भाऊजी बाहेर, दरवाज्याला टेकून उभे होते. काही बोलले नाहीत. फक्त ताईकडे पाहिलं.

झालं असं होतं. पॉवर स्टिअरिंगमध्ये इंजिनाच्या पट्ट्यावर चालणारा पंप तेलाला दाब देतो. आपण चक्र फिरवतो तेव्हा आत एक बारीक दांडी किंचित पिळली जाते आणि तिच्याभोवतीची झडप तेल डाव्या किंवा उजव्या बाजूला सोडते. चक्र सरळ असलं की झडप मधोमध, दोन्हीकडचा दाब सारखा. ती मध्यावर आली नाही, तर हात स्थिर असला तरी तेल एका अंगाला जोर लावत राहतं. चाकांची अलाइनमेंट शंभरदा केली तरी हा जोर जात नाही.

असेंब्ली उतरवून मांडव्याच्या बोटीनं मुंबईला, हायड्रॉलिकचं काम करणाऱ्या माणसाकडे नेली. 2020 पासून मांडवा ते भाऊचा धक्का रो-रो झाल्यापासून असल्या कामांची पायपीट पुष्कळ वाचली आहे. आतली रबरी सील दगडासारखी झाली होती, तेल काजळासारखं. रबराचा भुगा झडपेच्या फटीत बसला होता. झडप स्वच्छ करून मध्याला बसवली, सील नवी घातली. परत आल्यावर मिस्त्रींनी नळ्या धुऊन ताजं तेल भरलं आणि चाकं उचललेलीच ठेवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू फिरवत आतली हवा काढली. अलाइनमेंट केलं ते सगळ्यात शेवटी.

आणखी एक गोष्ट. वर्षभर भाऊजी उजव्या खांद्याला शेक घेत होते. म्हातारपण म्हणून कुणी विचारलं नव्हतं. नागाव ते पेण सगळी वाट ते चक्र उजवीकडे ओढून धरत होते, आणि पडेल ती चूक आपली समजत होते. खांदा आता बरा आहे असं ते म्हणतात. ताईच्या मते, शेकाची पिशवी अजून रोज लागते.

यंदा पेणच्या आरटीओत नोंदणीचं नूतनीकरण करायचं होतं. 15 वर्षांनंतर दर 5 वर्षांनी ते करावं लागतं. मुलानं सुट्टी काढून गाडी स्वतः चालवून पाहिली आणि किल्ली बापाच्या हातात दिली. रात्री मात्र चालवायची नाही, ही अट ताईची. ती मला रास्त वाटते, आणि भाऊजींनीही मुकाट्यानं मान्य केली.

पहिल्या फेरीला मिस्त्री शेजारी बसले होते, मी मागे. मोकळ्या रस्त्यावर भाऊजींनी पकड सैल केली. गाडी जराशी, अगदी जराशी डावीकडे झुकली. त्यांचा चेहरा पडला.

"तो रस्त्याचा उतार आहे, काका," मिस्त्री म्हणाले. "पावसाचं पाणी जायला ठेवलेला. पुढे सपाट मैदान आहे, तिथे घ्या."

मैदानावर गाडी नाकासमोर गेली. भाऊजींनी तिथे चार फेऱ्या मारल्या. चौथी कशासाठी होती हे मिस्त्रींनी विचारलं नाही.