घर स्वस्त आहे, पण कुठल्या हद्दीत?

वापी स्टेशनबाहेर शेअर रिक्षा किंवा इको पकडून सिल्वासाकडे निघालात, की तासाभराच्या आत तीनदा हद्द ओलांडता. वापी गुजरातेत, दादरा केंद्रशासित प्रदेशात, दादरा संपलं की लवाछाच्या पट्ट्यात पुन्हा गुजरात आणि त्यापुढे नगर हवेली. गाडी कुठे थांबत नाही. दारूच्या दुकानांच्या पाट्या दिसायला लागल्या किंवा दिसेनाशा झाल्या, की आपण कुठे आहोत याचा अंदाज येतो. मधल्या या गुजराती पट्ट्यातून वाट मिळावी म्हणून पोर्तुगालने भारताला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचलं होतं. 1954 मध्ये दादरा आणि नगर हवेली त्यांच्या हातून गेल्यानंतरचं हे प्रकरण. त्याचा निकाल 1960 मध्ये लागला. आज ती वाट सर्वांना मोकळी आहे. घर शोधणाऱ्या कुटुंबाला मात्र या रेघांचा हिशेब करावाच लागतो, कारण इथल्या घराची किंमत चौरस फुटापेक्षा हद्दीवर जास्त ठरते.

एक गैरसमज आधीच दूर केलेला बरा. विरार परवडेना म्हणून पालघर, पालघर परवडेना म्हणून बोईसर, मग डहाणू, अशी मराठी कुटुंबं गेली काही वर्षं उत्तरेकडे सरकत आहेत. 2013 मध्ये उपनगरी लोकल डहाणू रोडपर्यंत पोचली आणि या सरकण्याला वेग आला. त्याच ओघात पुढे सिल्वासाचं नाव निघतं. पण लोकल डहाणूलाच संपते आणि वापी मुंबई सेंट्रलपासून साधारण 170 किलोमीटरवर आहे. नोकरी अंधेरीत आणि बिऱ्हाड सिल्वासात, हे गणित जमणारं नाही. ज्याचं पोट वापी-सिल्वासाच्या कारखान्यांवर, दवाखान्यात, शाळेत किंवा इथल्याच दुकानावर भरणार असेल, त्यानेच पुढचं वाचावं.

1965 च्या सुमारास पिपरियाला सहकारी तत्त्वावर पहिली औद्योगिक वसाहत उभी राहिली. मग सिल्वासा, मसाट, खडोली इथे सरकारी वसाहती आल्या. करसवलतींच्या आकर्षणाने सूत, प्लास्टिक आणि तारांचे कारखाने रांगेने आले. प्रदेशाची लोकसंख्या 1991 मध्ये 1 लाख 38 हजार होती, ती 2011 मध्ये 3 लाख 43 हजारांवर गेली. याच जनगणनेतला आणखी एक आकडा घर घेणाऱ्याने लक्षात ठेवावा: दर हजार पुरुषांमागे 774 स्त्रिया. हा आकडा मोठ्या प्रमाणावर एकट्याने कामाला आलेल्या पुरुषांचा आहे. त्यांच्यासाठी घरंही तशीच बांधली गेली: लांबच लांब चाळी, दहा बाय दहाच्या खोल्या, टोकाला सामायिक नळ आणि संडास. आलटून पालटून पाळ्या करणाऱ्या चौघांना ती खोली पुरते. बायको, दोन मुलं आणि सासूबाई यांच्यासाठी ती बांधलेलीच नाही. स्वस्त भाडं ऐकून खूश होण्याआधी चाळ कुणासाठी उभी राहिली ते पाहावं. संध्याकाळी सहा-सातच्या सुमारास वस्तीत एक फेरी मारावी. बायका दारात बसलेल्या, मुलं सायकली फिरवताना दिसली तर ती कुटुंबांची वस्ती. सगळ्या दारांना कुलूप आणि दोरीवर नुसत्या पँटी वाळत असतील, तर समजून जावं.

सिल्वासा शहरात आमली आणि टोकरखाड्याकडे राहणं सर्वांत सोयीचं, कारण शाळा, बाजार, बँका आणि श्री विनोबा भावे सिव्हिल हॉस्पिटल सगळं हाताशी. 2019 मध्ये सुरू झालेलं नमो वैद्यकीय महाविद्यालयही जवळच, सायलीला असल्याने अवघड दुखण्याला उठून सुरतला किंवा मुंबईला धावायची वेळ पूर्वीइतकी येत नाही. भाडंही अर्थात इथलंच सर्वांत चढं. समरवर्णीला सोसायट्या आहेत आणि कारखानेही आहेत, त्यामुळे कुठल्या बाजूची इमारत यावर सारं अवलंबून. नरोली नदीपलीकडे, भिलाड आणि महामार्गाकडे तोंड करून. नवरा-बायकोपैकी एकाची नोकरी महामार्गाच्या बाजूला असेल तर नरोली बरी. दादरा वापीला चिकटून आहे. सोय उत्तम, पण दारूबंदी असलेल्या गुजरातच्या ऐन तोंडावर असल्याने शनिवार-रविवारी तिथल्या रस्त्यावर जी गर्दी होते ती मुलाबाळांना घेऊन फिरायला निघालेल्यांची नसते. घर बारपासून दोन गल्ल्या आत असेल तरच विचार करावा.

रांध्याचं प्रकरण वेगळं आहे. रांधा हे पटेलादीचं गाव, म्हणजे आजूबाजूच्या गावांचा जुना महसुली गट याच्या नावाने ओळखला जातो. वारली आणि कोकणा कुटुंबांचे पाडे लांब लांब पसरलेले, भाताची खाचरं, बांधावर ताड. जुनी कारवीच्या कुडाची घरं अजून दिसतात, त्यांच्या शेजारी सिमेंटची नवी. हवा शहरापेक्षा पुष्कळच चांगली. शहरातल्या भाड्याला कंटाळलेल्या माणसाला इथे आल्यावर वाटतं, एखादा गुंठा घ्यावा, दोन खोल्या टाकाव्यात आणि मागे शेवग्याचं झाड लावावं. मग दलाल जो भाव सांगतो तो ऐकून हे स्वप्न खरंही वाटायला लागतं.

अशा वेळी किंमत कमी का आहे, हे विचारायचं. पोर्तुगीज काळात इथे अलवारा आणि तेरेम अशा नावांचे जमिनीचे हक्क होते. ते मोडणारा जमीन सुधारणा विनियम 1971 मध्ये आला आणि 1974 पासून अमलात आला. कसणाऱ्यांना, त्यातही आदिवासी कुटुंबांना, जमिनी मिळाल्या त्या अटींसह. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय ज्यांचं हस्तांतर होत नाही अशा जमिनी या भागात पुष्कळ आहेत. भाव पडलेला असतो तो बहुतेक वेळा यामुळे. ज्याची जमीन तो ती रीतसर विकू शकत नाही, म्हणून व्यवहार नोटरीच्या कागदावर, विश्वासावर आणि ‘होऊन जाईल’ या दोन शब्दांच्या जोरावर चालतो. त्या कागदावर न थांबता जमिनीचा उतारा मागून दोनच गोष्टी पाहाव्यात: उताऱ्यावर बिनशेती परवानगीची नोंद आहे का, आणि विकणाऱ्याच्या नावापुढे कुठली अट लिहिली आहे. शंका आली तर मामलतदार कचेरीत जाऊन खात्री करून घ्यावी. माझं मत विचाराल तर ही बंधनं योग्यच आहेत. ती नसती तर रांध्यात आज रांध्याची माणसं किती उरली असती, हे कारखान्यांना लागून असलेली गावं बघून कळतं. बाहेरच्या कुटुंबाने रांध्यात राहायचंच असेल तर सरळ भाड्याने राहावं.

भाड्याचाही हिशेब मांडून पाहू. समजा गावात भाडं शहरापेक्षा दोन हजारांनी कमी पडतं आणि कामाला जाऊन-येऊन रोज 30 किलोमीटर होतात. दुचाकी लिटरला 45 किलोमीटर देते, पेट्रोल 95 रुपये धरलं, महिन्याचे 26 दिवस. म्हणजे सोळाशे-साडेसोळाशे रुपये निव्वळ पेट्रोलचे. मुलांची शाळा शहरात असेल तर व्हॅनचे पैसे वेगळे. वाचलेल्या दोन हजारांतून हातात फारसं काही उरत नाही, उलट रात्रपाळी संपवून अंधाऱ्या रस्त्याने घरी यायचं ते निराळं. कामाची जागाच किलवणी-रांध्याच्या बाजूला असेल तर मात्र सगळा हिशेब उलटा होतो.

वीज ही इथली जमेची बाजू. वीज वितरण एप्रिल 2022 पासून टॉरेंट पॉवरकडे गेलं आहे आणि महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला इथलं बिल हलकंच वाटतं. पाण्याची आणि हवेची चौकशी मात्र स्वतः करावी लागते. इथे पाऊस मोठा. दमणगंगेवर मधुबन धरण आहे आणि धरणाचे दरवाजे उघडले की काठच्या वस्त्यांना त्याची झळ पोचते. ऑगस्ट 2004 चा पूर जुन्या रहिवाशांच्या पक्का लक्षात आहे. इमारतीच्या खाली चहाची टपरी असेल तर तिथे विचारावं की त्या वर्षी पाणी कुठपर्यंत आलं होतं. हवेचं सांगायचं तर, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2009 च्या प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांच्या यादीत अंकलेश्वरच्या खालोखाल देशात दुसरा क्रमांक वापीचा होता. घरात दम्याचं मूल असेल तर वापीच्या रासायनिक कारखान्यांजवळचा स्वस्त फ्लॅट बघायलाही जाऊ नये.

फ्लॅट विकत घ्यायचा असेल तर एक गोष्ट मराठी ग्राहकाच्या सोयीची आहे. दादरा-नगर हवेलीतले गृहप्रकल्प महारेराच्या कक्षेत येतात, आणि न्यायालयीन बाबतीतही हा प्रदेश मुंबई उच्च न्यायालयाच्या अधिकारात आहे. जागा 500 चौरस मीटरपेक्षा मोठी आणि घरं आठपेक्षा जास्त असतील तर प्रकल्पाची नोंदणी बंधनकारक आहे. नोंदणी क्रमांक मागावा आणि व्यवहार कार्पेट क्षेत्रावरच करावा. इकडे सुपर बिल्टअपमध्ये बोलण्याची सवय फार. हजार फूट म्हणून सांगितलेल्या घरात वापरायला सहाशेच्या आसपास मिळणं काही नवं नाही. बुलेट ट्रेनच्या नावाने वाढवलेला भावही तपासून घ्यावा. 508 किलोमीटरच्या त्या मार्गातले जेमतेम चार किलोमीटर या प्रदेशातून जातात आणि स्थानक वापीचं आहे. रोज सकाळी कामावर जाणाऱ्याचा त्या गाडीशी काय संबंध येणार, हे जाहिरातीत नसतं.

आता मुलांविषयी, कारण सर्वांत मोठी चूक इथे होते. मराठी माध्यमाच्या सरकारी शाळा या प्रदेशात आहेत, खानवेल-दुधनीच्या बाजूला तर बऱ्याच. तेवढ्यावर पालक निश्चिंत होतात. पण महाराष्ट्रातल्या वैद्यकीय प्रवेशाच्या राज्य कोट्यासाठी अधिवासाच्या दाखल्याबरोबर दहावी आणि बारावी, दोन्ही महाराष्ट्रातल्या संस्थेतून उत्तीर्ण असावी लागते. सूट मोजक्याच प्रकारांना मिळते. मूल सिल्वासातून दहावी झालं की तो दरवाजा बहुधा बंद होतो. इथल्या कोट्यासाठी इथले दाखले लागतात आणि ते आल्या आल्या मिळत नाहीत. जातीच्या दाखल्याचंही तसंच. सर्वोच्च न्यायालयाने 1990 मध्येच सांगून ठेवलं आहे की अनुसूचित जाती-जमातीचा दर्जा मूळ राज्यापुरता असतो आणि स्थलांतराबरोबर तो दुसऱ्या राज्यात जात नाही. धुळे-नंदुरबारकडून कामाला आलेल्या कुटुंबाला हे कळतं ते मुलगा इथल्या नोकरीचा अर्ज भरायला बसतो तेव्हा. त्यामुळे मूल आठवी-नववीत असेल आणि डॉक्टरकीचं डोक्यात असेल, तर बारावी होईपर्यंत बिऱ्हाड तलासरी किंवा डहाणूकडेच ठेवून कमावत्या माणसाने इथे एकट्याने राहून सुट्टीला ये-जा करणं जास्त शहाणपणाचं. दोन घरांचा खर्च चार-पाच वर्षं सोसावा लागेल, पण खाजगी महाविद्यालयाच्या एका वर्षाच्या फीपुढे तो बहुतेकदा कमीच भरेल.