फ्लॅट बघताना गीझरही बघा!

थर्ड इयरला गेलं की हॉस्टेल सोडून चार-पाच जणांत फ्लॅट घ्यायचे बेत सुरू होतात. फ्लॅट बघायला गेल्यावर आपण काय बघतो? भाडं, डिपॉझिट, कॉलेजपासूनचं अंतर आणि मेस जवळ आहे का! बाथरूममधल्या गीझरकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. म्हणून डिपॉझिट देण्याआधी त्याच्यासाठी फक्त 10 मिनिटं काढा.

आधी गॅस गीझर. मिनिटाला 6 लिटर पाणी 25 अंशांनी तापवायचं म्हणजे साधारण साडेदहा किलोवॅट उष्णता लागते. (थर्मोवाल्यांनी गणित करून बघावं!) एक भाग एलपीजी पूर्ण जळायला 25 ते 30 भाग हवा लागते. बंद बाथरूममध्ये ती पुरत नाही, ज्वलन अर्धवट होतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून अधिक ओढीने चिकटतो. डोकं जड होतं, चक्कर येते, माणूस बेशुद्ध पडतो, आणि दाराला आतून कडी! एलपीजी गळाला तर त्यात मुद्दाम मिसळलेल्या मरकॅप्टनच्या वासाने कळतं. या वायूला मात्र ना रंग, ना वास.

म्हणून पहिली अट: गॅस गीझर बाथरूमच्या बाहेर, हवेशीर जागी हवा. आत असेल तर मालकांकडून हलवून घ्या. मग तो चालू करून ज्योत बघा. ती निळी हवी. पिवळी ज्योत किंवा काजळी दिसली तर मेकॅनिकला दाखवल्याशिवाय वापरू नका. पण ज्योत निळी आहे म्हणून बंद जागेतला गीझर सुरक्षित ठरत नाही.

गळती शोधायला रेग्युलेटर चालू ठेवून नळी आणि जोडांवर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले की गळती आहे. काडी ओढून बघायचा शहाणपणा नको! नळीवरची तारीख बघा. 5 वर्षं झाली असतील किंवा भेगा पडल्या असतील तर नळी बदलायलाच हवी. गॅसचा वास आला तर दिव्याचं बटण चालूही करू नका, बंदही करू नका. रेग्युलेटर बंद करा, खिडक्या उघडा, बाहेर पडा आणि 1906 ला फोन लावा.

इलेक्ट्रिक गीझर असेल तर? 2 किलोवॅटचा गीझर 230 व्होल्टला जवळजवळ 9 अँपिअर करंट घेतो. त्याला 6 अँपिअरचा सॉकेट चालणार नाही, अर्थिंगसह 16 अँपिअरचाच हवा. काळा पडलेला सॉकेट, टाकीच्या बुडाशी गंज, गरम नळाला तांबूस पाणी ही धोक्याची चिन्हं. पाणी तापताना सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब पडले तर घाबरू नका आणि तो व्हॉल्व्ह बंद तर मुळीच करू नका. टाकी किंवा जोडातून पाणी झिरपत असेल तर मात्र स्विच बंद करा. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

सापडलेल्या दोषांचे फोटो काढा आणि दुरुस्ती कोण करणार हे करारनाम्यात लिहून घ्या. "बघू नंतर" म्हणणाऱ्या घरमालक काकांना नम्रपणे सांगा, "काका, आधी दुरुस्ती, मग डिपॉझिट." कारण या पेपरला एटीकेटी नसते!