बाळ निजले, पण कशाने?

1996 सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. सकाळी दवाखाना उघडायला गेलो तर ओट्यावर एक आजी, तिची सून आणि सुनेच्या मांडीवर तीन महिन्यांचे बाळ. "रातीपास्नं पोर उठंनाच झालंय, डॉक्टर," आजी म्हणाली.

बाळाला ताप नव्हता, उलटी नव्हती, जुलाब नव्हते. ते नुसते झोपले होते. चिमटा काढला तरी जेमतेम कण्हायचे. एवढ्या लहान बाळाचा श्वास मिनिटाला तीस-चाळीस वेळा चालतो. मी घड्याळ लावून मोजला तर चौदा भरला. "काही औषध दिले का?" मी विचारले. "न्हाई बा." पुन्हा विचारले, पुन्हा "न्हाई." माझ्या मनात मेंदूज्वराची शंका आली आणि मी त्या दिशेने विचार करू लागलो. ती माझी चूक होती. मग पापणी उचलून पाहिली. बाहुली टाचणीच्या टोकाएवढी बारीक झालेली. तेव्हा कुठे मी प्रश्न बदलला. "आजी, काल संध्याकाळपासून बाळाच्या तोंडात काय काय गेले, तेवढे सांगा."

"अंगावरचं दूध. आन् जराशी गुटी. लई रडत व्हतं म्हनून दोनदा दिली."

आजी खोटे बोलली नव्हती. तिच्या लेखी गुटी म्हणजे औषध नव्हेच! आणि ही गुटी घरी सहाणेवर उगाळलेलीही नव्हती. आठवडी बाजारात एका फिरत्या विक्रेत्याकडून घेतलेली छोटी बाटली होती. तिच्यावर हसऱ्या बाळाचे चित्र होते. आत काय आहे, कोणी बनवले, कुठे बनवले, यातले एक अक्षरही नव्हते.

बाळाला जीपमधून जिल्ह्याच्या रुग्णालयात नेले. तिथे अफूचा अंमल उतरवणारे इंजेक्शन दिल्यावर थोड्याच वेळात श्वास वाढला आणि बाळ रडू लागले. दोन दिवस देखरेखीखाली ठेवून घरी सोडले. बाळ वाचले. पण त्या बाटलीत अफू किती होती, तिच्याबरोबर आणखी काय होते, हे मला आजतागायत कळलेले नाही.

पुढे या विषयावर वाचन करू लागलो, तेव्हा ध्यानात आले की या बाटलीचे घराणे फार जुने आहे. त्याचा सर्वांत भरभराटीचा काळ म्हणजे एकोणिसाव्या शतकातली अमेरिका आणि इंग्लंड. ती हकिगत आज वाचकांना सांगाविशी वाटते.

विन्स्लोबाईंचे सिरप

अमेरिकेतल्या मेन राज्यात बँगोर नावाचे गाव आहे. तिथे 1849 साली जेरेमाया कर्टिस आणि बेंजामिन पर्किन्स या दोघांनी 'मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप' बाजारात आणले. विन्स्लोबाई या कर्टिसच्या सासूबाई. मुलांची शुश्रूषा करण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही, अशी जाहिरात असे. दात येताना रडणारे बाळ, पोटात मुरडा येणारे बाळ, जुलाब होणारे बाळ, सगळ्यांवर हा एकच उपाय. किंमत 25 सेंट. रंगीत चित्रांची कार्डे आणि कॅलेंडरे फुकट वाटली जात. चित्रात सुंदर घर, हसरी आई आणि गुटगुटीत मुले. 1868 सालापर्यंत वर्षाला पंधरा लाखांहून अधिक बाटल्या खपत होत्या.

आणि सिरपमध्ये काय होते? मॉर्फिन, म्हणजे अफूचे सत्त्व. एका औंसात, म्हणजे सुमारे 30 मिलिलिटरमध्ये, जवळजवळ 65 मिलिग्रॅम. हिशेब केला तर एका चहाच्या चमच्यात दहा मिलिग्रॅमच्या आसपास. दुखण्याने तळमळणाऱ्या प्रौढ रुग्णालाही तोंडाने मॉर्फिन सुरू करताना आम्ही साधारण एवढ्यावरच थांबतो. बाटलीवरच्या सूचनेप्रमाणे मात्र सहा महिन्यांच्या बाळाला असा चमचा दिवसातून तीन-चार वेळा द्यायचा!

बाळ शांत व्हायचे यात नवल ते काय? हीच या औषधाची खरी ताकद आणि हाच खरा धोका. औषध "लागू" पडताना आईला डोळ्यांनी दिसे. काही बाळांचा श्वास मंदावत जाऊन थांबे. काहींचे मरण सावकाश येई. गुंगीतले मूल भुकेने रडत नाही, रडत नाही म्हणून त्याला पाजले जात नाही, आणि ते दिवसेंदिवस वाळत जाते. मृत्यूचे कारण म्हणून 'अशक्तपणा' लिहिला जाई.

इंग्लंडातल्या गिरण्यांच्या गावांत हेच काम 'गॉडफ्रेज कॉर्डियल' नावाचे अफू आणि काकवीचे मिश्रण करी. दिवसभर कामाला जाणाऱ्या बाया मूल शेजारणीकडे ठेवत आणि शेजारीण त्याला कॉर्डियल पाजून निजवी. आपल्या मुंबईतही पुढे तेच झाले. कापडगिरण्यांत जाणाऱ्या बाया पाठीमागे मूल निजून राहावे म्हणून अफूची 'बाळागोळी' देत. या आयांना नावे ठेवू नयेत. मूल सांभाळायला कोणी नाही आणि खाडा केला तर पगार कापला जाणार, अशा कात्रीत त्या सापडल्या होत्या. दोष होता तो हे दुखणे ओळखून त्यावर धंदा करणाऱ्यांचा.

पेटंट नसलेली 'पेटंट' औषधे

अशा औषधांना 'पेटंट मेडिसिन' म्हणत. गंमत अशी की त्यांतल्या बहुतेकांना पेटंट नव्हतेच. पेटंट हवे तर आत काय घातले ते सरकारला सांगावे लागते, आणि नेमके तेच त्यांना सांगायचे नव्हते. म्हणून ते नाव, बाटलीचा आकार आणि लेबल यांचीच नोंदणी करत. बाहेरचे सगळे जपायचे, आतले सगळे झाकायचे.

झाकलेले उघडले की काय निघे? 'पेरुना' हे सर्दीपासून पोटाच्या विकारांपर्यंत सगळ्यांवर चालणारे औषध, त्यात शेकडा 28 च्या आसपास अल्कोहोल. दारू न शिवणारी सज्जन माणसे ते चमचा-चमचा घेत आणि त्यांना खरोखर हुशारी वाटे! क्लार्क स्टॅन्ली नावाच्या गृहस्थाने 1893 च्या शिकागो प्रदर्शनात लोकांसमक्ष साप मारून 'सापाचे तेल' विकले. सरकारने पुढे ते तपासले तेव्हा ते खनिज तेल निघाले, त्यात थोडीशी चरबी आणि मिरचीचा अर्क. 1917 साली त्याला दंड झाला तो वीस डॉलर. रस्त्याच्या कडेला सांड्याचे तेल विकणारे आपण पाहतोच, त्यांचे हे थोरले बंधू. इंग्लंडात 'बीचमच्या गोळ्या' फार खपत. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने 1909 साली त्यांचे पृथक्करण छापले, तेव्हा कोरफडीचा बोळ, सुंठ आणि साबण निघाला. 56 गोळ्यांच्या डबीतला माल अर्ध्या फार्दिंगचा, डबी विकली जाई साडेतेरा पेन्सला. म्हणजे मालाच्या शंभरपटीहून अधिक किंमत!

लोक इतके भोळे होते का? मला तसे वाटत नाही. त्या काळचे डॉक्टर रुग्णाचे रक्त काढत, पाऱ्याचे क्षार पाजत. त्यांच्या फीपेक्षा पाव डॉलरची गोड बाटली कोणालाही बरी वाटेल. खेड्यात तर डॉक्टरच नसे. शिवाय जाहिरातीत बरे झालेल्यांची पत्रे छापून येत. सर्दी, अंगदुखी, अपचन ही दुखणी बहुधा आपली आपणच बरी होतात, श्रेय मात्र शेवटच्या बाटलीला मिळते. आणि बरे झालेले पत्र लिहितात, गेलेले लिहीत नाहीत.

अशा पत्रांना उत्तरेही येत. लिडिया पिंकहॅम या बाईंनी 1875 पासून बायकांच्या दुखण्यांवर औषध विकले. त्यातही अल्कोहोल होतेच. जाहिरातीत त्यांचा प्रेमळ चेहरा असे आणि "मिसेस पिंकहॅमना मनातले लिहा" असे आवाहन असे. पुरुष डॉक्टरला सांगता न येणारे दुखणे हजारो बायका पत्रातून कळवत. 1905 साली 'लेडीज होम जर्नल' या मासिकाने एक छायाचित्र छापले. ते पिंकहॅमबाईंच्या थडग्याचे होते. बाई 1883 सालीच वारल्या होत्या!

वर्तमानपत्रे गप्प का होती?

हे सगळे चालू असताना वर्तमानपत्रे काय करत होती? मी स्वतः वर्तमानपत्रात लिहितो, म्हणून ही गोष्ट टाळणे बरे नव्हे. त्या काळच्या अनेक पत्रांचा संसार या जाहिरातींवर चाले. जाहिरातीच्या करारात काही कंपन्या एक कलम घालत. तुमच्या राज्यात आमच्या धंद्याला मारक कायदा झाला तर करार रद्द. साहजिकच असा कायदा येऊ घातला की संपादकांनाच काळजी पडे.

ही कोंडी फोडली तीही पत्रकारांनीच. ऑक्टोबर 1905 पासून 'कॉलियर्स' साप्ताहिकात सॅम्युअल हॉपकिन्स ॲडम्स यांनी एकेका बाटलीचे पोट उघडून दाखवले. सरकारी रसायनशास्त्रज्ञ हार्वे वायली यांनी आधीच वर्षानुवर्षे पाठपुरावा केलेला होता. 30 जून 1906 रोजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी शुद्ध अन्न व औषध कायद्यावर सही केली.

या कायद्याने अफू विकायला बंदी केली असेल असे वाटेल. तसे नव्हते. अल्कोहोल, अफू, मॉर्फिन, कोकेन, हेरॉइन अशी अकरा द्रव्ये औषधात असतील तर त्यांचे नाव आणि प्रमाण लेबलावर लिहा, एवढाच दंडक होता. पण तेवढ्याने फरक पडला. ज्या बाटलीवर काल नुसती हसरी आई होती, तिच्यावर आता 'मॉर्फिन' हा शब्द आला. 1911 साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनने विन्स्लोबाईंच्या सिरपला सरळ 'बालघातक' म्हटले. पुढे कंपनीला मॉर्फिन काढून टाकावे लागले.

लेबलाने सगळे साधले असेही नाही. 1937 साली अमेरिकेत एका नव्या औषधाचे सिरप बनवताना विषारी द्रावक वापरला गेला आणि शंभराहून अधिक माणसे दगावली. त्यानंतर 1938 च्या कायद्याने औषध निर्धोक आहे हे विक्रीपूर्वी दाखवणे बंधनकारक झाले. प्रत्येक कायद्यामागे अशी काही थडगी आहेत.

आपण काय करावे?

आपल्याकडे 1940 चा औषध कायदा आहे. 1954 चा जादूटोणावजा उपचार आणि आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा कायदाही आहे. त्याच्या परिशिष्टात मधुमेह, कर्करोग, फेफरे, पक्षाघात, लठ्ठपणा, कोड असे 54 विकार आहेत. ते बरे करतो अशी जाहिरात करणे गुन्हा आहे. तरी त्या जाहिराती भिंतींवर दिसतात, आणि आता मोबाइलवरही दिसतात. तेव्हा वाचकांनी स्वतःच काही पथ्ये पाळावीत.

औषध ॲलोपॅथीचे असो वा आयुर्वेदाचे, बाटलीवर घटकद्रव्ये, बनवणाऱ्याचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख पाहावी. यातले काही नसेल तर बाटली घरात आणू नये. "वनस्पतींचे आहे, अपाय नाही" हे वाक्य ऐकले की सावध व्हावे. अफूसुद्धा वनस्पतीचीच असते. दहा रोगांवर एकच औषध सांगणाऱ्याला, आणि आत काय आहे ते "गुपित" म्हणून न सांगणाऱ्याला, लांबूनच नमस्कार करावा. संशय आला तर जिल्ह्याच्या ठिकाणी अन्न व औषध प्रशासनाचे कार्यालय असते, तिथे बाटलीसकट तक्रार द्यावी.

तान्ह्या बाळाला पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या औषधाखेरीज काहीही देऊ नये. बाळ रडते ते भुकेने, ओल्या दुपट्याने, पोटातल्या वाऱ्याने किंवा नुसते जवळ घ्यावे म्हणून. संध्याकाळचे ते हटकून येणारे रडणे बहुधा तीन-चार महिन्यांत आपसूक कमी होते. ताप असेल, पीत नसेल, उलट्या होत असतील तर डॉक्टरकडे न्यावे. आणि नेहमी रडणारे बाळ अचानक फार शहाणे झाले, उठवूनही उठेना, तर त्याला निजू देऊ नये. ताबडतोब दवाखाना गाठावा आणि पाजलेली बाटली बरोबर न्यावी.

ती आजी पुढे बरीच वर्षे माझ्याकडे येत असे. नातू वाचला, पण तिच्या मनातली बोच गेली नव्हती. एकदा म्हणाली, "डॉक्टर, मला वाचता येत न्हाई. पर त्या बाटलीवर तरी कुटं काय लिवलं व्हतं?" मला उत्तर देता आले नाही. तेव्हापासून तान्हे बाळ आले की "औषध दिले का?" असे मी विचारत नाही. बाळाच्या तोंडात काय काय गेले, तेवढेच विचारतो.